पाटी लागेपर्यंत

कोल्हापूरचं रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक यांच्या शेजारी शाहूपुरी पसरली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसवली ती व्यापारासाठी. त्याआधी चार वर्षं मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली होती आणि गुळाला बाहेरची वाट मिळाली होती. गुळाचा मोठा व्यवहार पुढे मार्केट यार्डात गेला. पेठेत दुकानं राहिली, लॉज राहिले, आणि पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशा हिशेबी नावांच्या रस्त्यांवर डॉक्टरही आले. त्यांनी हीच जागा का धरली हे कळायला अवघड नाही. राधानगरी, गडहिंग्लज, निपाणी, कणकवली, कुठूनही एसटीने आलेल्या म्हाताऱ्या माणसाला, त्यातून डोळ्याला कमी दिसणाऱ्या, स्टँडवरून चालत जाता येईल असा दवाखाना लागतो.

कोल्हापुरात डोळ्यांच्या डॉक्टरांच्या पाट्या जरा सावकाश वाचल्या, तर नावापुढे तऱ्हेतऱ्हेची अक्षरं दिसतात: डी.ओ.एम.एस., एम.एस., डी.एन.बी., एफ.आय.सी.ओ., क्वचित ग्लासगोची एफ.आर.सी.एस. पेशंट ती वाचत नाही. तो गावातल्या ऑपरेशन झालेल्या कुणाला तरी विचारून आलेला असतो, ‘डॉक्टरचा हात कसा आहे?’ अक्षरं परीक्षा देऊन मिळतात. हात कुठून येतो, आणि हात आल्यावर माणूस स्वतःची पाटी लावण्यापर्यंत कसा पोहोचतो, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

आधी अक्षरांचं बघू. डी.ओ.एम.एस. ही दोन वर्षांची पदविका. आज साठी ओलांडलेल्या नेत्रतज्ज्ञांच्या पाट्यांवर ती बरीच दिसते. त्यांच्या काळात एम.एस.च्या जागा मोजक्या होत्या, घरी लवकर कमावतं होण्याची गरज होती, आणि चष्म्याचा नंबर काढून मोतीबिंदू करणारा डॉक्टर तालुक्याच्या गावाला पुरेसा होता. १९१२ साली स्थापन झालेलं मुंबईचं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सही अशा पदविका देत आलं आहे. गेल्या काही वर्षांत पदविकेच्या जागा पदवीत रूपांतरित करण्याचं धोरण आलं, त्यामुळे ही अक्षरं आता नव्या पाट्यांवर कमी होत जाणार. एम.एस. म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयातली तीन वर्षं. डी.एन.बी. हीही तीन वर्षांचीच, पण ती मान्यताप्राप्त रुग्णालयात होते. १९७५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची ती पदवी. एके काळी डी.एन.बी.वाल्याला एम.एस.पेक्षा अर्धी पायरी खाली धरण्याची पद्धत होती. ज्यांनी ती परीक्षा दिली त्यांना विचारलं तर पास होणं कुठलं अवघड होतं ते ते सांगतील.

या अक्षरांच्याही आधी एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. इथे कोल्हापूरची एक अडचण होती. शहरात १९८९ पर्यंत वैद्यकीय महाविद्यालयच नव्हतं. त्या वर्षी डी. वाय. पाटील महाविद्यालय आलं. सी.पी.आर. रुग्णालयाला जोडून सरकारी महाविद्यालय यायला नवं शतक उजाडावं लागलं. त्याआधी इथल्या मुलाने मिरजेला जायचं (तिथलं सरकारी महाविद्यालय १९६२चं), नाहीतर पुण्याला बी.जे.ला (१९४६), आणि गुण फारच चांगले असतील तर मुंबईला ग्रँट किंवा जी.एस.ला. मिरज जवळची, म्हणजे शनिवारी घरी येता येणारी. घरून डबा नेता येतो की नाही, यावर त्या काळात बरंच ठरत असे.

डबा आणि खोली या गोष्टींना कमी लेखू नये. ज्या राजाने शाहूपुरी वसवली, त्यानेच १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, दलित अशा वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागास वर्गांसाठी ठेवल्या गेल्या. जाहीरनाम्याची आठवण सगळे काढतात. मला स्वतःला वसतिगृहं अधिक दूरदृष्टीची वाटतात. जागा राखीव असली तरी तिथवर पोहोचायला मुलाला शहरात काही वर्षं राहता, जेवता यावं लागतं. डॉक्टरकीच्या बाबतीत ही वर्षं फार लांबतात.

एम.बी.बी.एस. झाल्यावर नेत्रविभाग कोण निवडतं? पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या जागावाटपात वरचे क्रमांक रेडिओलॉजी, त्वचारोग, मेडिसिन उचलतात. डोळा साधारण मध्यावर येतो. त्यामुळे खूपजण आवडीने येतात, काहीजण क्रमांकामुळे येतात आणि मग रमतात. मुलींचा ओढा इकडे मोठा आहे. शस्त्रक्रिया बहुतेक ठरलेल्या वेळी, पेशंट त्याच दिवशी घरी, रात्रीची धावपळ प्रसूतीशास्त्राच्या मानाने फार कमी. शिवाय सर्जन म्हणवून घेता येतं. घरात आधीच नेत्ररुग्णालय असेल तर प्रश्नच उद्भवत नाही. मुलगा दहावीत असल्यापासून नातेवाईक त्याला ‘छोटे डॉक्टर’ म्हणत असतात.

घरचा वारसा नसताना वेगळ्याच वाटेने इकडे आलेली माणसंही आहेत. मदुराईच्या ‘अरविंद’ नेत्ररुग्णालयाचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी मुळात प्रसूतीशास्त्राकडे निघाले होते. तरुणपणी संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली, तो रस्ता बंद झाला, आणि त्याच बोटांना त्यांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिकवली. सरकारी नोकरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर १९७६ साली त्यांनी अकरा खाटांचं रुग्णालय काढलं. फिलिपिन्सचा स्वातंत्र्यवीर होसे रिझाल आईची दृष्टी जात होती म्हणून नेत्रवैद्यक शिकला, पॅरिस आणि हायडेलबर्गला जाऊन. आर्थर कॉनन डॉयल १८९१ साली व्हिएन्नाला थोडंसं शिकून लंडनमध्ये नेत्रतज्ज्ञ म्हणून बसला. पेशंट काही येईनात, आणि रिकाम्या वेळात तो शेरलॉक होम्सच्या कथा लिहीत राहिला. नव्याने पाटी लावलेल्या कोणत्याही डॉक्टरला पहिल्या सहा महिन्यांत डॉयलची आठवण यायला हरकत नाही.

आपल्याकडचं सर्वांत ठाऊक असलेलं उदाहरण डॉ. तात्याराव लहाने यांचं. लातूर जिल्ह्यातलं माकेगाव, शेतकरी कुटुंब, औरंगाबादच्या सरकारी महाविद्यालयात शिक्षण, मग अंबाजोगाईची नोकरी आणि पुढे मुंबईचं जे.जे. रुग्णालय. १९९५ साली दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा आई अंजनाबाईंनी त्यांना आपलं मूत्रपिंड दिलं. त्यानंतरच्या काळात त्यांनी शिबिरांतून आणि जे.जे.तून शस्त्रक्रियांचा जो सपाटा लावला, त्याची दखल २००८ च्या पद्मश्रीने घेतली गेली. या गोष्टीतलं आईचं दान सगळ्यांना भिडतं, आणि ते भिडावं असंच आहे. पण करिअरच्या नकाशावर पाहिलं तर दुसरी एक गोष्ट दिसते. ज्याच्या घरात दवाखाना नाही, भांडवल नाही, त्याला मोठा सर्जन होण्यासाठी सरकारी रुग्णालयच उपयोगी पडलं. यंत्रं सरकारची, पेशंट अमाप, आणि हात चालवायला मोकळीक.

आता हाताकडे येऊ.

रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या, पहिल्या वर्षी नव्या मुलाला चाकू दिसत नाही. तो अंधाऱ्या खोलीत रेटिनोस्कोप घेऊन चष्म्याचे नंबर काढतो, स्लिट लॅम्पवर शंभर डोळे बघतो, काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतो, आणि उद्याच्या ऑपरेशनच्या यादीतल्या प्रत्येकाची बायोमेट्री करतो. म्हणजे बुबुळाची वक्रता आणि डोळ्याची लांबी मोजून आत कोणत्या नंबरचं भिंग बसवायचं ते काढायचं. हे काम कंटाळवाणं वाटतं. लांबी मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर पेशंटच्या चष्म्याच्या नंबरात सुमारे अडीच-तीनचा फरक पडतो, आणि ऑपरेशन कितीही सुंदर झालं तरी म्हातारी घरी जाऊन म्हणते, ‘दिसत नाही.’ शिव्या मात्र सर्जनला पडतात.

मग बकऱ्याचे डोळे. सराव प्रयोगशाळेत, जिला सगळे ‘वेट लॅब’ म्हणतात, बकऱ्याच्या डोळ्यावर छेद घेणं, टाका घालणं शिकतात. कोल्हापुरात मटणाच्या दुकानांची वाण नाही, त्यामुळे कच्च्या मालाची चिंता करायचं कारण नाही. अडचण वेगळी आहे. बकऱ्याच्या भिंगावरचं आवरण माणसाच्या म्हाताऱ्या भिंगापेक्षा बरंच चिवट असतं, आणि खरी परीक्षा तर त्या आवरणावरच असते. पुढच्या आवरणात साधारण पाच मिलिमीटरची गोल फाड काढायची, तिला कॅप्सुलोऱ्हेक्सिस म्हणतात. ती बाहेरच्या बाजूला पळाली की पुढचं सगळं बिघडतं. मागचं आवरण जेमतेम चार मायक्रॉन जाडीचं. ते फाटलं की आतला जेलीसारखा द्रव पुढे येतो आणि नवीन भिंग बसवायला आधारच उरत नाही.

माणसाच्या डोळ्यावर शिकवण्याची रीत उलटी आहे. पहिल्यांदा शेवटचं काम देतात: जखम धुऊन बंद करणं. नंतर भिंग आत सरकवणं. मग पिकलेला मोतीबिंदू बाहेर काढणं. ऱ्हेक्सिस सर्वांत उशिरा. अशी पायरी पायरी चढत एक दिवस सर खुर्ची सोडतात आणि म्हणतात, ‘ही तू कर.’ या वाक्याची वाट बघण्यात वर्ष जातं. हातांचंच नव्हे, पायांचंही शिक्षण असतं. फेकोत, म्हणजे यंत्राने मोतीबिंदू डोळ्यातच फोडून काढण्याच्या शस्त्रक्रियेत, डाव्या पायाखाली सूक्ष्मदर्शकाचं पेडल, उजव्या पायाखाली यंत्राचं. उजव्या पायाचा जरा अतिरेक झाला तर डोळ्याच्या आत परिणाम दिसतो. टाक्याशिवायच्या साध्या शस्त्रक्रियेत, म्हणजे एस.आय.सी.एस.मध्ये, सहा-सात मिलिमीटरचा बोगदा करून मोतीबिंदू अखंड बाहेर काढतात. फेकोत अडीच मिलिमीटरच्या आसपास छेद पुरतो. खेडोपाडीच्या कडक, काळपट मोतीबिंदूंना एस.आय.सी.एस. फार उपयोगी. शहरातला पेशंट मात्र फेकोच मागतो.

तीन वर्षांत किती ‘केसेस मिळाल्या’ हा रेसिडेंट लोकांच्या गप्पांतला कायमचा विषय. अखिल भारतीय नेत्रवैद्यक संघटनेने (ती १९३० साली स्थापन झाली) रेसिडेन्सी संपवलेल्या तरुण डॉक्टरांना त्यांच्या प्रशिक्षणाबद्दल प्रश्न विचारून एक पाहणी केली. पुण्याचे डॉ. परीक्षित गोगटे त्यात अग्रभागी होते, आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीत आले. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत अनुभवाचा फरक प्रचंड होता, आणि फेकोच्या बाबतीत बऱ्याच जणांच्या हाताला फारसं काही लागलेलं नव्हतं. पदवी एकच, पण एकजण बाहेर पडताना शेकडो डोळे केलेला, आणि दुसरा बहुतेक वेळ सरांच्या शेजारी बसून बघितलेला. दोघांच्या पाटीवर अक्षरं तीच.

याचा दोष शिक्षकांना देऊन मोकळं होणं सोपं आहे. यादीत चाळीस पेशंट असतात, दुपारी चारला थिएटर सोडायचं असतं, आणि नवशिक्याला एका डोळ्याला पाऊण तास लागतो. पेशंटलाही आपल्या डोळ्यावर कुणी शिकावं असं वाटत नाही. तरी माझं मत असं की ज्या महाविद्यालयाला विद्यार्थी घ्यायचे आहेत त्याने किमान केसेसची हमी द्यायला हवी. लॉगबुक भरून घेणं म्हणजे हमी नव्हे. लॉगबुक कसं भरलं जातं हे सगळ्यांना माहीत आहे.

ज्याला हात मिळालेला नाही तो फेलोशिपला जातो. मदुराईचं अरविंद, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद (१९८७), चेन्नईचं शंकर नेत्रालय (१९७८), पुण्यातली मोठी नेत्ररुग्णालयं. एक-दोन वर्षं, पगार बेताचा, सकाळी सातपासून थिएटर. तिथून परतलेला माणूस ओळखू येतो, त्याचं बोलणं कमी आणि वेग जास्त असतो. पण ही वर्षं कोणाला परवडतात? विनाअनुदानित महाविद्यालयात लाखो रुपये फी भरून शिकलेल्या मुलाच्या डोक्यावर कर्ज असतं. सरकारी जागेवर शिकलेल्याला बंधपत्र असतं: एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर पदव्युत्तर पदवीसाठी पन्नास लाखांचा दंड. मुलगी असेल तर घरी लग्नाची बोलणी चालू असतात, आणि स्थळं बघताना ‘स्वतःचं हॉस्पिटल आहे’ या वाक्याला मुलाच्या स्वभावापेक्षा जास्त वजन असतं. नेत्रतज्ज्ञ मुलीला नेत्रतज्ज्ञ सासरे मिळाले की तिला यंत्र मिळतं, तयार पेशंट मिळतात, आणि सासऱ्यांच्या पद्धतीने ऑपरेशन करण्याचं बंधनही मिळतं. हात हा शेवटी वर्षांनी येतो, आणि ती वर्षं कुणीतरी पोसावी लागतात. घर पोसतं, सासर पोसतं, नाहीतर सरकार पोसतं.

सरकारी सेवेच्या त्या वर्षाबद्दल तक्रारी फार ऐकू येतात. खोली नाही, सूक्ष्मदर्शक बंद, भिंगांचा पुरवठा वेळेवर नाही, हे काही ठिकाणी खरंही असतं. पण उपजिल्हा रुग्णालयात बसलेला तरुण डॉक्टर एका माणसाकडून फार शिकतो, तो म्हणजे नेत्रचिकित्सा अधिकारी. हा डॉक्टर नसतो. वीस-पंचवीस वर्षं त्याच तालुक्यात शाळांची तपासणी करत, वाड्यावस्त्यांवरून मोतीबिंदूचे पेशंट गोळा करत हिंडलेला असतो. कोणत्या गावात कुणाचं ऐकतात, कोणत्या महिन्यात कारखान्याच्या ऊसतोडीमुळे पेशंट येणार नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आता पदव्युत्तर शिक्षणातच जिल्हा रुग्णालयात तीन महिने काढणं सक्तीचं केलं आहे. तीन महिने थोडे आहेत, पण नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याची ओळख व्हायला पुरतात.

मागणीचं गणितही बदलत गेलं आहे. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा शिबिरं शाळेच्या खोल्यांत, मांडवांत भरत. पेशंटला भिंगाऐवजी जाड काचेचा चष्मा मिळे. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत, त्यात महाराष्ट्रही होता, मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प राबवला गेला. डॉक्टरांना भिंग बसवण्याचं प्रशिक्षण मिळालं, शस्त्रक्रिया हळूहळू मांडवातून रुग्णालयात आल्या. कोल्हापूर-सांगलीत त्या सुमारास तरुण असलेल्या डॉक्टरांचं आयुष्य या एका बदलाने घडलं. ज्यांनी भिंग लवकर शिकून घेतलं, त्यांची रुग्णालयं मजल्यांनी वाढली. ज्यांनी जुन्या पद्धतीवर भरवसा ठेवला ते चष्म्याच्या नंबरावर राहिले. दुसरीकडे, ज्या खुपऱ्यांनी आपल्या आजोबांच्या पिढीचे डोळे घालवले, तो आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलं.

वाटा आणखीही आहेत. कोणी नागपूरच्या डॉ. विकास महात्मे यांच्यासारखं नेत्रपेढी आणि रुग्णालय उभारून पद्मश्री मिळवतं आणि पुढे राज्यसभेत जातं. कोणी साखळी रुग्णालयात पगारावर लागतं. अशा साखळ्या आता शेअर बाजारात आल्या आहेत, ‘डॉ. अगरवाल्स’ २०२५ मध्ये. पगार ठरलेला, यंत्र चांगलं, आणि महिन्याच्या शेवटी आकडे विचारणारा एक व्यवस्थापक. स्वतःची पाटी लावायची तर भाड्याची जागा, सूक्ष्मदर्शक, फेको यंत्र, स्लिट लॅम्प, खाली चष्म्याचं दुकान. लेसर यंत्राचा विचार करायचा तर आकडा कोटींत जातो, म्हणून ते पाच-सहा डॉक्टर मिळून घेतात. काहीजण सुरुवातीला रुग्णालयच काढत नाहीत. पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, सर्जन आठवड्यातून एक दिवस घाट उतरून कोकणात जातो, दुसऱ्या दिवशी कर्नाटकच्या सीमेपलीकडच्या एखाद्या गावात बसतो, आणि मधुमेहाने खराब झालेले पडदे तपासतो. त्याचं रुग्णालय म्हणजे त्याची गाडी आणि ठिकठिकाणच्या मित्रांची थिएटरं.

मला या सगळ्यांत सर्वांत कमी चर्चेत असलेलं काम वाटतं ते नवजात बाळांचं. चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत त्याच्या डोळ्याचा पडदा तपासावा लागतो. तिथल्या रक्तवाहिन्या चुकीच्या वाढल्या तर योग्य आठवड्यात लेसर किंवा इंजेक्शन देऊन दृष्टी वाचते, नंतर काही करता येत नाही. बाळांचे अतिदक्षता विभाग आता जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतही आहेत. बाळ नेत्रतज्ज्ञाकडे येऊ शकत नाही, डॉक्टरलाच उपकरणं घेऊन एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरावं लागतं. फी मोतीबिंदूच्या मानाने किरकोळ. जबाबदारी मोठी, कारण चुकलं तर आंधळेपणा सत्तर वर्षांचा. म्हणून फेलोशिपनंतर हे काम अंगावर घेणारे थोडे, आणि घेतात त्यांत नुकत्याच शिकून आलेल्या स्त्री डॉक्टर अनेकदा दिसतात. बालरोगतज्ज्ञाचा फोन आला की त्या दुपारच्या ओपीडीच्या आधी निघतात.